सत्तावीस नंबरचं टेबल

१२ मार्च

भिंगरी,

या नावाने मारलेली हाक आता तुला चालेल की नाही, माहीत नाही. लहानपणी तू एका जागी दोन मिनिटं टिकायची नाहीस म्हणून तुझ्या आईने ठेवलेलं हे नाव. तुझं खरं नाव घालून पत्र सुरू करून बघितलं, पण ते बँकेला लिहिल्यासारखं दिसायला लागलं. मग कागद बदलला.

पत्ता शेजारच्या काकूंकडून मिळाला. म्हणजे त्यांनी दिला नाही. तुझी प्रमाणपत्रं पाठवायला त्या पाकीट लिहीत होत्या, तेव्हा मी मागे उभा राहून वाचला. त्यांच्यावर रागावू नकोस.

चौदा महिने झाले. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं, तेवढी आशा.

मी बरा आहे. वर्कशॉप चालू आहे. फिटरकाका रोज सकाळी येतात आणि रोज संध्याकाळी ‘उद्यापासून येणार नाही’ म्हणून जातात. सध्या एका ग्रंथालयाची कपाटं करतोय. वर-खाली होणारी टेबलं बंद केली.

लिहायला कारण घडलं. तुझ्या ऑफिसातल्या मोठ्या ताई, सव्वीस नंबरच्या टेबलावरच्या, तुझ्या शेजारच्या, त्यांनी आपल्याला नोकरीवरून काढल्याबद्दल कामगार तक्रार समितीकडे अर्ज केला होता. तो आता सुनावणीला लागलाय. मला साक्षीला बोलावलंय, वीस मेला. नोटीस आली तेव्हा मी पहिल्यांदा तुलाच फोन लावला. मग आठवलं.

कोण टेबल किती वापरतं त्या यादीचं जे काही झालं ते मॅनेजरने केलं. मी आकडे ठेवले ते टेबलं सुधारण्यासाठी, माणसं मोजण्यासाठी नाही. त्यांचा असा वापर होईल याची मला कल्पना नव्हती. हे मी तुला त्या दिवशीही सांगत होतो, तेवढ्यात तू दार लावून घेतलंस.

समितीपुढेही मी हेच सांगणार आहे. तुला काय वाटतं ते कळवलंस तर बरं होईल.

बाबा


२ एप्रिल

भिंगरी,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून बसलो होतो असंही नाही, पण दुपारी पोस्टमनच्या वेळेला मी दाराजवळ काहीतरी काम काढतो हे फिटरकाकांच्या लक्षात आलंय. काल म्हणाले, “त्या बिजागरीला तिसऱ्यांदा तेल दिलंस. आता ती घसरून पडेल.”

मागचं पत्र मी पुन्हा मनात वाचून बघितलं. त्यात एक गोष्ट मी सफाईने लिहिली. ‘त्यांचा असा वापर होईल’ असं लिहिलं, जणू ते आकडे मॅनेजरने माझ्या कपाटातून पळवले. तसं नव्हतं. ते मी दिले. माझ्या हाताने, पाकिटात घालून, वर माझं नाव लिहून.

सगळं क्रमाने लिहितो. तुला ठाऊकच आहे, पण मलाच एकदा ओळीने बघायचंय.

पहिलं टेबल तुझ्या आईसाठी केलं होतं. तीस वर्षं टंकलेखन करून तिची मान अशी आखडली होती की, हाक मारली तर ती सगळीच्या सगळी वळायची. त्या टेबलाला फिरवायचा दांडा होता. दोन दिवस तिने फिरवला, तिसऱ्या दिवसापासून त्यावर पिशवी अडकवली. मला राग आला, पण फिटरकाका म्हणाले, “वहिनी आळशी नाहीत, तुझा दांडा आळशी आहे.” तिथून मोटर आली. मोटरचा आवाज कमी करण्यात वर्ष गेलं. टेबल वर गेल्यावर डुगडुगायचं, ते थांबवायला आणखी एक. शेवटी ते साधलं. काठाला छोटा दिवा, चाळीस मिनिटं झाली की लागणारा. बटण दाबलं की टेबल वर, माणूस उभा. नको असेल तर दाबू नका. जबरदस्ती नाही, या गोष्टीचा मला अभिमान होता.

आई जूनमध्ये गेली. ऑगस्टमध्ये तुझ्या ऑफिसात चौसष्ट टेबलं बसली. तूच मध्ये पडलीस म्हणून. दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकणारी माणसं, हलायची सोय नाही, यांच्याइतकी गरज कोणाला असणार, असं तूच मॅनेजरला पटवलंस.

आणि कँटीनमधली ती बैठक. मी सांगितलं की प्रत्येक टेबलाखाली एक मोजणी-यंत्र आहे, टेबल किती वेळा वर गेलं ते मोजणारं. लोक कुजबुजायला लागले. मागून कोणीतरी म्हणालं, “म्हणजे आमच्यावर पहारा.” मी म्हटलं, आकडे फक्त मी बघणार, दुसऱ्या कोणाच्या हाती जाणार नाहीत. तरी कुजबुज थांबेना. तेव्हा तू उठून उभी राहिलीस. “हे माझे बाबा आहेत. शब्द दिला की संपलं. मी सांगते ना.” लोक गप्प बसले ते तुझ्याकडे बघून. माझ्याकडे बघून नाही.

डिसेंबरमध्ये मॅनेजर म्हणाले, सगळ्या शाखांना ही टेबलं घेऊ, पण लोक ती वापरतात हे वरच्यांना दाखवायला हवं. मी एकूण सरासरी देऊ शकलो असतो. एका ओळीत काम झालं असतं. पण टेबलवार तक्ता भरदार दिसतो. त्यात नावं नव्हती, नुसते टेबलांचे नंबर होते, असं मी स्वतःला सांगितलं. कोणत्या नंबरवर कोण बसतं याचा नकाशा त्यांच्याच भिंतीवर लावलेला होता. त्याच्याखाली बसून मी चहा प्यायलो होतो.

आणखी एक. टेबलं बंद केली असं लिहिलं ते खरं आहे, पण सगळ्या शाखांचं काम पुरं करून दिल्यावर. तू गेल्यानंतर. यंत्रांसकट.

बाबा


२८ एप्रिल

भिंगरी,

काल मोठ्या ताईंकडे जाऊन आलो. आधी कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर त्या ‘नको’ म्हणाल्या असत्या, आणि मला ‘नको’ ऐकून घरी बसायला निमित्त मिळालं असतं.

दुसऱ्या मजल्यावर राहतात. दार त्यांनीच उघडलं, हातात काठी. मला बघून आश्चर्य वगैरे काही नाही.

“या. तुम्ही याल असं वाटत होतं, पण साक्षीनंतर. आधी आलात म्हणजे काहीतरी मागायला आलात.”

“मागायला नाही हो. माफी…”

“तीसुद्धा मागायचीच असते ना? बसा.”

एका दातांच्या डॉक्टरांचे फोन त्या आता घरून घेतात. जेवणाच्या टेबलावर फोन, वही, पाण्याचा तांब्या. आमचं बोलणं सुरू होतंय तोच फोन वाजला. “उद्या अकराला जागा नाही. दाढ ठणकतेय का? मग उद्याचं कशाला काढता, आज साडेचारला या. आणि तोवर त्या बाजूने चावू नका.” आवाज तोच, तू नक्कल करायचीस तो. समोरच्याला वाटावं, ही बाई आपल्याच घरची.

मी मात्र त्यांच्या कोपरांकडे बघत होतो. खुर्ची बुटकी, टेबल तीनेक इंच उंच, खांदे वर ओढले गेलेले. त्यांनी फोन ठेवला.

“टेबलाकडे काय बघताय? माझ्याकडे बघा.”

मी बघितलं.

“उठायचा मला कंटाळा नव्हता. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून उठताना आत सुरी फिरते. उठल्यावर पाच मिनिटं दात आवळून धरावे लागतात. आणि माझं काम बोलायचं.”

“तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“कोणाला? त्या दिव्याला?”

दिवा मी केला होता, बटण मी केलं होतं, ‘मला जमत नाही’ असं म्हणायची सोय मात्र त्या टेबलात कुठेच नव्हती. खरं तर तीन महिन्यांत मीच एकदा चक्कर मारून विचारायचं. मी आकडे घेऊन जात होतो, तेही संध्याकाळी, माणसं घरी गेल्यावर.

मग त्यांनी नोटीस बोर्डाचं सांगितलं. सात नावं, वर मथळा ‘हालचाल कमी’. जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी त्यांच्या नावापुढे कासव काढलं. सहा जणांनी मान खाली घालून ताकीद घेतली. ताई मॅनेजरच्या खोलीत जाऊन म्हणाल्या, “माझ्या गुडघ्याचे फोटो आणून लावू का शेजारी?” आठवड्यात ‘पुनर्रचना’ म्हणून त्यांना घरी बसवलं.

“एकोणीस वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या हो मी, गोड बोलून परत पाठवल्या. माझ्या आधी रुजू झालेलं तिथे फक्त भिंतीवरचं घड्याळ होतं. आणि शेवटी माझ्या नावापुढे काय लिहिलं? ही बाई उठत नाही.”

मी माफी मागितली. त्या ‘हं’ म्हणाल्या. ते ‘हं’ कसलं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

नंतर तुझा विषय निघाला. थोडं बोललो. चहा घेऊन निघालो.

त्यांना टेबल करून देऊ का असं विचारणार होतो. जिन्यात आल्यावर, विचारलं नाही याचं बरं वाटलं.

बाबा


९ मे

भिंगरी,

हे पत्र दोनदा लिहून झालं. दोन्ही वेळा वाचताना शब्द चांगले वाटले, म्हणून फेकून दिलं.

तुझा विषय निघाला, थोडं बोललो, असं मागच्या पत्रात लिहिलं. काय बोललो ते लिहिलं नाही. ताईंनी विचारलं, “तुमची मुलगी माझ्या शेजारी बसायची. डोळ्यांसमोरच. तिचंही टेबल कधी वर जायचं नाही. मग सातांच्या यादीत ती कशी नाही?”

मी म्हटलं, “उठत असेल. तुमचं लक्ष नसेल.”

त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, “असेल. चहा निवतोय.”

म्हणजे माफी मागायला गेलो आणि त्याच खुर्चीत बसून खोटं बोललो.

खरं असं आहे. तक्त्यात चौसष्ट ओळी होत्या. सत्तावीस नंबरची ओळ तुझी. अठ्ठ्याहत्तर दिवसांत तुझं टेबल तीन वेळा वर गेलं होतं. दोनदा पहिल्या दिवशी, आम्ही दाखवत होतो तेव्हा. तिसऱ्यांदा बहुतेक सफाईवाल्या बाईंनी खालून पुसायला वर केलं. चौसष्ट जणांत सगळ्यांत कमी. ताईंच्याही खाली तू होतीस.

तक्ता पाकिटात घालायच्या आधी मी ती ओळ काढली. काढून मोकळी जागा दिसेल म्हणून तिथे लिहिलं, ‘टेबल क्र. २७, मोटर नादुरुस्त’. मोटर उत्तम होती. चौसष्टांत सर्वांत कमी वापरलेली, नवी कोरी.

फिटरकाका समोर होते. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “पोरीला बरं नाही का?”

मी म्हटलं, “बरी आहे. आळस, दुसरं काय.”

“भिंगरी आणि आळस?” एवढंच म्हणून ते कामाला लागले.

मी तुला सांगत आलो की मला कल्पना नव्हती. तूही तेच धरून चालली असशील, की बाबा भोळे, कामात बुडालेले, फसले. पण ज्याला कल्पना नसते तो एकच ओळ वेचून काढत नाही. त्या कागदाने माणसाचं काय होऊ शकतं ते मला पाकीट चिकटवायच्या आधी माहीत होतं. तुझ्यापुरतं ते होऊ नये एवढी तजवीज केली. बाकीच्या त्रेसष्टांना जाऊ दिलं.

आणि तेही नीट तुझ्यासाठी नाही. टेबल करणाऱ्याचीच मुलगी टेबल वापरत नाही, हे लोकांना दिसलं असतं. त्याची मला जास्त भीती होती. हे लिहिलंय ते आता खोडत नाही.

मूळ तक्ता माझ्याकडे आहे. वीस तारखेला तो समितीपुढे ठेवणार. त्यात तुझी ओळ सगळ्यांना दिसेल. ‘नको’ म्हणायचा तुला हक्क आहे. उत्तर आलं नाही तर मी ठेवणार आहे.

बाबा


६ जून

भिंगरी,

उत्तर आलं नाही, मी तक्ता ठेवला.

खोली लहान होती. समितीवर तीन माणसं, मध्ये पिकल्या केसांच्या बाई. एका बाजूला ताई, दुसरीकडे मॅनेजर आणि कंपनीचे वकील. मला साधंच विचारलं, ही यादी तुमची का? मी म्हटलं, माझीच, पण खोटी.

मी सगळं सांगितलं. शब्द दिला होता तो, मोडला तो, ओळ काढली ती. मूळ कागद पुढे ठेवला. वकील उठले.

“म्हणजे मुलीला वाचवायला तुम्ही कागदात फेरफार केलात?”

“हो.”

“मग आज तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?”

“ठेवू नका,” मी म्हटलं. “तेच सांगायला आलोय. माझ्या यादीवर विश्वास ठेवून तुम्ही यांना घरी पाठवलंत.”

हे मी हुशारीने बोललो असं वाटेल. तसं नव्हतं. खुर्चीची पाठ धरून उभा होतो. मॅनेजर माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांचंही वय झालेलं दिसलं. त्यांनाही वर कोणालातरी कागद दाखवायचाच होता.

निकाल परवा आला. ती यादी ग्राह्य धरता येत नाही, ताईंच्या नावापुढचा शेरा पुसावा, त्यांना कामावर परत घ्यावं. मी फोन करून अभिनंदन केलं.

“अभिनंदन कसलं? माझं मला परत मिळालं.”

“सोमवारी रुजू होणार ना?”

“होणार. दिवसभर बसून फोन घेणार, आणि पाच वाजता माझ्या हाताने राजीनामा लिहून येणार. काढून टाकलेली बाई म्हणून मला राहायचं नाही.” मग म्हणाल्या, “तुम्ही खरं बोललात, बरं केलंत. पण मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. माझं काम झालं. तुमचं तुम्ही बघा.”

साक्ष दिली त्याच आठवड्यात मी कंपनीला कळवलं की सगळ्या टेबलांखालची यंत्रं काढून द्यायला मी तयार आहे. त्यांनाही आता ती नकोच होती. रोज एक शाखा. फिटरकाका आणि मी टेबलांखाली पाठीवर आडवे पडून स्क्रू काढतोय. या वयात खाली पडणं सोपं आहे, उठताना दोघं एकमेकांना हात देतो. काल एका मुलीने खाली वाकून विचारलं, “काका, म्हणजे आता कोणी बघत नाही?” मी म्हटलं, नाही. ती खुर्चीवर मांडी घालून बसली आणि फोन घ्यायला लागली.

तुझ्या ऑफिसातली चौसष्टही झाली. सत्तावीसवर आता कोणी दुसरं बसतं. मी तिथे फार वेळ थांबलो नाही.

फिटरकाका आजकाल ‘उद्यापासून येणार नाही’ म्हणत नाहीत. मला त्याची धास्ती वाटते.

बाबा


१७ जून

भिंगरी,

तुझं पत्र आलं. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा मी ते उघडलं नाही, आत नेऊन ठेवलं, हात धुतले. मग वाचलं. किती वेळा ते सांगत नाही.

तू लिहिलंस, तुला ठाऊक होतं. ‘मोटर नादुरुस्त’ हे तू मॅनेजरच्या खोलीत, यादी लागली त्याच दिवशी वाचलं होतंस. घर सोडलंस ते यादीपायी नाही, त्या दोन शब्दांपायी. मी ते आपणहून कधी सांगतो याची वाट बघत होतीस. चौदा महिने मी तुला माझ्या भोळेपणाची कहाणी ऐकवायला फोन लावत होतो, आणि तू तिकडे खरी गोष्ट हातात घेऊन बसली होतीस.

मग तुझी ती ओळ. ‘पाच पत्रं लिहिलीत, बाबा, पण मी का उठत नव्हते हे एकदाही विचारलं नाहीत.’

खरं आहे. सगळी पत्रं आठवून बघितली. माझा शब्द, माझी यादी, माझी भीती, माझी साक्ष. फिटरकाकांनी विचारलं होतं. मी नाही.

आणि मी न विचारताच तू सांगितलंस. आई गेली त्या दिवशी तू सकाळपासून तिच्याजवळ बसली होतीस, तिचा हात तुझ्या हातात. दुपारी मी आत आलो आणि म्हणालो, “किती वेळ बसलीयेस, जरा ऊठ, पाय मोकळे कर.” तू उठलीस. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलीस, खिडकीपाशी दोन मिनिटं उभी राहिलीस. परत आलीस तोवर झालं होतं. तिच्याजवळ कोणी नव्हतं. मला वर्कशॉपचा फोन आला होता आणि मी तो घ्यायला बाहेर गेलो होतो.

आणि दोन महिन्यांनी मी तुझ्यापुढे एक टेबल आणून ठेवलं, दर चाळीस मिनिटांनी ‘ऊठ’ म्हणणारं.

मला ते वाक्य आठवत नाही, बाळा. खरंच आठवत नाही. मी दिवसातून दहा जणांना तेच म्हणायचो. फोन आठवतो. एका टेबलाचे पाय लहान पडत होते, त्याची मापं मी भिंतीला टेकून सांगत होतो. मापंसुद्धा आठवतात. तू दारात आलीस आणि मला हाक मारलीस ती आठवते. नंतर सगळ्यांना मी सांगत राहिलो की ती झोपेत गेली, शांतपणे, आम्ही दोघं जवळच होतो. इतक्यांदा सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. तू प्रत्येक वेळी शेजारी उभी असायचीस आणि एकदाही मला खोटं पाडलं नाहीस.

तुझी चूक नव्हती. तू उठलीस ती मी सांगितलं म्हणून. तुझ्या जागी मी बसायला हवं होतं, आणि मी बाहेर गेलो. हे मी आज म्हटल्याने तुझं ओझं उतरेल असं नाही, कळतं मला. तरी ते कोणीतरी तुला म्हणायला हवं होतं, आणि म्हणणारा मी एकटाच होतो.

तू लिहिलंस, ‘भेटायला येऊ नका, पत्र पाठवलंत तर वाचेन.’ येणार नाही. पत्रं पाठवीन.

परवा आईला जाऊन दोन वर्षं होतील. एक गोष्ट मी तुला आजवर विचारली नाही. आधी वेळ काढला नाही, मग लाज वाटली. त्या सकाळी तुम्ही दोघीच होतात. ती काही बोलली का? शेवटचं काय बोलली? सांगावंसं वाटलं तर लिही. वाटलं नाही, तर ते तुझ्याजवळच असू दे. त्या वेळी तिच्याजवळ तू होतीस.

बाबा